अहवालाला प्रश्न विचारता आला पाहिजे

३० मे २०२५ रोजी, घटक राज्य दिनी, गोवा पूर्ण साक्षर झाल्याची घोषणा मुख्यमंत्री डॉ. प्रमोद सावंत यांनी पणजीत केली. त्याच्या दहाच दिवस आधी मिझोरामने हा मान मिळवला होता आणि त्याआधी, २०२४ मध्ये, केंद्रशासित प्रदेशांपैकी लडाखने. घोषणा झाली, टाळ्या झाल्या, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आले. आनंद वाटला, आणि वाटायलाच हवा. सत्तरी ओलांडलेल्या बायाबापड्यांनी हातात पेन्सिल धरली, त्यात थट्टेचं काही नाही.

पण याच वेळी दोन आकडे शेजारी शेजारी छापून आले. केंद्राच्या २०२३-२४च्या श्रमबल सर्वेक्षणात गोव्याची साक्षरता ९३.६० टक्के. राज्याच्या स्वतःच्या पाहणीनुसार मात्र ती त्याहून जास्त. केंद्राच्या कार्यक्रमात ९५ टक्के गाठले की राज्य पूर्ण साक्षर मानलं जातं, त्यामुळे घोषणेला राज्याच्या पाहणीचा आधार होता. मग यातला खरा आकडा कोणता, यावर आमच्या वर्गात बराच वाद झाला. माझं मत असं की दोन्ही आकडे आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात. प्रश्न कुणाला विचारला, कसा विचारला आणि कुणाला मोजलं, यावर उत्तर बदलतं. वाद घालायचाच असेल तर तो टक्क्यांवर नको. त्या टक्क्यांमागे ज्या हजारो नोंदी गोळा झाल्या, त्यांना आपण पुढे काय विचारणार आहोत, यावर घालूया.

हा लेख त्याबद्दल आहे. साहित्य मंडळाच्या अंकात डेटाबेसवर लेख कशाला, असं कुणी म्हणेल. माझं उत्तर सोपं आहे. साक्षर झालेला प्रत्येक माणूस हा आपला होऊ घातलेला वाचक आहे. तो कुठे अडला, कुठे हरवला, याची नोंद जर एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये पडून असेल आणि ती बाहेर काढता येत नसेल, तर तो साहित्याचाही प्रश्न आहे.

आधी थोडी माहिती. सध्याचा केंद्राचा कार्यक्रम म्हणजे ‘उल्लास - नवभारत साक्षरता कार्यक्रम’. २०२२ ते २०२७ असा त्याचा काळ, पंधरा वर्षांवरच्या असाक्षरांसाठी. देशभर पाच कोटी लोकांपर्यंत पोचायचं उद्दिष्ट आणि खर्च १०३७.९० कोटी रुपये. शिकवणारे पगारी नाहीत, स्वयंसेवक आहेत: शिक्षक, विद्यार्थी, बचत गटातल्या बायका, शेजारीपाजारी. असाक्षराची नोंदणी, त्याची स्वयंसेवकाशी जोडणी, हे सगळं मोबाईलच्या ॲपवर. शेवटी चाचणी १५० गुणांची: वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी ५०. म्हणजे आधीच्या कुठल्याही साक्षरता मोहिमेत जमली नसेल इतकी माहिती आज एका जागी जमू शकते.

आणि तरीही बहुतेक वेळा आपल्यापर्यंत काय पोचतं? ‘एकूण नोंदणी इतकी, एकूण परीक्षार्थी इतके, एकूण उत्तीर्ण इतके.’ सगळं एकूण.

एकूण वाईट नसतं. दिल्लीला, पणजीला तेच लागतं. पैसे कुठे गेले याचा हिशेब द्यावा लागतो. पण वर्ग घेणाऱ्याला ‘एकूण’चा उपयोग शून्य. गेल्या वर्षी एका प्रौढ शिक्षण वर्गाच्या नोंदी ठेवायला मी मदत करत होते. संस्थेचं नाव महत्त्वाचं नाही. अशा जागा बऱ्याच असाव्यात. तिथल्या सॉफ्टवेअरमध्ये तयार अहवाल सात की आठ होते, सगळे वरच्या कार्यालयाला पाठवायचे. एके दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी साधंच विचारलं, “जानेवारीत नियमित येणाऱ्या आणि मार्चमध्ये बंद झालेल्या किती जणी गो? आणि त्या कुठल्या वाड्यावरच्या?” हे उत्तर सॉफ्टवेअरमधून निघेना. नोंदीत प्रत्येकीच्या नावापुढे फक्त ‘चालू’ किंवा ‘बंद’ असायचं. बंद केलं की आधीचं ‘चालू’ पुसलं जायचं. कधी बंद झाली, का झाली, त्याआधी किती दिवस आली होती, हे काहीच उरत नव्हतं. शेवटी बाईंनी आपली वही काढली. वहीत सगळं होतं.

ही गोष्ट मी गंमत म्हणून सांगत नाही. वही जिंकली आणि कॉम्प्युटर हरला, असा माझा मुद्दाही नाही. वहीत चाळीस नावं असतात, चारशे झाली की वही थकते. मुद्दा असा की बाईंच्या वहीत तारीख होती आणि सॉफ्टवेअरमध्ये नव्हती. कारण सॉफ्टवेअर बनवताना वरच्या कार्यालयाला काय हवं हे विचारलं गेलं, बाईंना काय हवं हे कुणी विचारलं नाही.

चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या तुमच्यातल्या काहींनी पाहिल्या असतील. १५६३ साली त्रेंतच्या महासभेने ठरवलं की बाप्तिस्मा आणि लग्न यांची नोंद प्रत्येक पॅरिशने ठेवायची. त्या नोंदी तारखेच्या क्रमाने लिहिल्या जातात: आज याचा, उद्या त्याचा. पण कागद मागायला येणारा माणूस ‘माझ्या आजोबांचा दाखला द्या’ म्हणतो, त्याला नाव ठाऊक असतं, तारीख नसते. म्हणून एखादा शहाणा पाद्री वहीच्या मागे नावांची अनुक्रमणिका करून ठेवतो. माहिती तीच, फक्त दुसऱ्या प्रश्नासाठी लावलेली. हव्या त्या प्रश्नाचा अहवाल म्हणजे याहून वेगळं काही नाही. फरक एवढाच की कॉम्प्युटरला ती अनुक्रमणिका क्षणात आणि दर वेळी नव्याने करता येते.

किंबहुना डेटाबेस त्यासाठीच जन्माला आला. १९७० साली एडगर कॉड या संशोधकाने मांडलेली कल्पना अशी होती की माहिती साध्या तक्त्यांत, एकदाच आणि नीट साठवायची. मग तक्ते एकमेकांना जोडून नंतर कुठलाही प्रश्न विचारता यावा, बनवणाऱ्याच्या डोक्यात न आलेला सुद्धा. आज आपली बँक, रेल्वेचं तिकीट, कॉलेजचा निकाल, सगळं त्यावर चालतं. आणि आपल्या प्रौढ वर्गाच्या सॉफ्टवेअरला मात्र सातच बटणं.

आता आपल्या भागातले प्रश्न बघा. माझं गाव चोपडे. एका बाजूला शापोरा नदी आणि पलीकडे शिवोली, शेजारी आगरवाड्याची मिठागरं, थोडं पुढे मोरजी-मांद्र्याचे किनारे. इथे शिकायला येणाऱ्या बाईचं वर्ष शाळेच्या वेळापत्रकावर चालत नाही. हिवाळा संपेतोवर पर्यटकांचा मोसम, तेव्हा हॉटेलांत, गेस्ट हाऊसमध्ये काम. उन्हाळ्यात काजू आणि मीठ. जूनमध्ये शेत. मध्ये चवथ, शिगमो, फेस्त. ‘वर्षात अमुक जण गळाले’ या वाक्याने काही कळत नाही. पण तेच आकडे महिन्यावार आणि वाड्यावार मांडले आणि दिसलं की एका वाड्यावरची हजेरी दर मार्चमध्ये पडते, तर उपाय समोर येतो: तिथला वर्ग मार्च-एप्रिलमध्ये रात्री घ्या किंवा जूनपर्यंत थांबा. बाई आळशी नाही, काजू पिकला आहे. हा फरक फक्त नीट काढलेला अहवाल दाखवू शकतो, तोही तारीख नोंदली असेल तरच.

दुसरा प्रश्न भाषेचा आणि तो मला जास्त जवळचा. घरी आम्ही कोंकणी बोलतो, शाळेत मी मराठी शिकले, कॉलेजात इंग्रजी. आमच्या घरातल्या एका म्हाताऱ्या बाईला प्रार्थनेचं पुस्तक आणि मिस्साची गीतं वाचता येतात, रोमी लिपीत. देवनागरीतला बसचा बोर्ड तिला वाचता येत नाही. ती साक्षर की असाक्षर? जनगणनेची व्याख्या स्पष्ट आहे: कोणत्याही भाषेत समजून लिहिता-वाचता आलं की साक्षर. पण म्हणून तिला शिकायचं काहीच उरलं नाही, असं होत नाही. पेडण्यातल्या तिच्याच वयाच्या शेजारणीला पोथीतली मराठी कशीबशी लागते, पण औषधाच्या डब्यावरचं इंग्रजी नाही. कामासाठी कर्नाटकातून आलेल्या बाईला कन्नड वाचता येत असेल. एखाद्या फॉर्मवर ‘भाषा’ असा एकच रकाना आणि त्यात ‘कोंकणी’ असं एकच उत्तर असलं, तर हे सगळं दिसेनासं होतं. भाषा आणि लिपी हे दोन वेगळे रकाने पाहिजेत.

हे आपल्या मंडळाला तरी पटायला हवं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. भाषा मराठी आणि लिपी रोमी. चारशे वर्षांपूर्वी गोव्यात जे पुस्तक छापलं गेलं, त्याची नोंद करतानासुद्धा ‘भाषा’ या एका रकान्यात भागत नाही. मग माणसांचं कसं भागेल?

तिसरा प्रश्न ‘उत्तीर्ण’ या शब्दाचा. चाचणीचे तीन भाग आहेत. समजा एखाद्या केंद्रात बरेच जण उत्तीर्ण झाले. पण वाचनात चांगले गुण, संख्याज्ञानात बरे आणि लेखनात जेमतेम. फक्त ‘उत्तीर्ण’ एवढंच साठवलं किंवा छापलं, तर पुढच्या वर्षी तोच वर्ग त्याच पद्धतीने चालेल. तिन्ही भागांचे गुण केंद्रावार वेगळे दिसले तर शिकवणाऱ्याला कळेल की हात कुठे धरायचा. वर्गात एक काकी म्हणाल्या होत्या, “सही मारूंक येता गो बाय, पूण बशीचो बोर्ड वाचूंक येना.” सही हे लेखन धरलं तर त्या अर्ध्या पास. त्यांना स्वतःला मात्र नक्की ठाऊक होतं की काय येत नाही. आपल्या अहवालाला तेवढं तरी ठाऊक असावं.

वेगळं काढून दाखवल्याने काय होतं, याचं उदाहरण जनगणनेतच आहे. २०११ मध्ये गोव्याची साक्षरता ८८.७० टक्के. हा आकडा ऐकून छाती फुगते. पण पुरुष ९२.६५ आणि स्त्रिया ८४.६६ असं फोडून दाखवलं की आठ टक्क्यांची दरी दिसते आणि लक्षात येतं की वर्ग कुणासाठी लावायचे आहेत. एक आकडा दोन केला एवढंच. पण धोरण त्या दुसऱ्या आकड्यातून निघतं.

चौथा प्रश्न सगळ्यात मोठा: नंतर काय? महाराष्ट्राने हा धडा फार आधी घेतला आहे. १९५९ साली साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, मग ती राज्यभर गेली. गावाने मिळून गाव साक्षर करायचं, थोड्या महिन्यांत वर्ग संपवायचे आणि शेवटी गावात समारंभ. मोठं काम होतं, १९७२ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. पण वाचायला काही हाती राहिलं नाही, पाठपुरावा राहिला नाही, तिथे शिकलेले लोक पुन्हा अक्षरं विसरले. साक्षरता ही पोहण्यासारखी नाही, एकदा आलं की आलं. ती भाषेसारखी आहे, वापरली नाही की गंजते. आजच्या घडीला गोव्यात ‘पूर्ण साक्षर’ ही घोषणा झाल्यावर धोका नेमका हाच आहे: मोजणी थांबेल. नवसाक्षराच्या नावापुढे ‘उत्तीर्ण’ लागलं की यंत्रणेच्या लेखी ती गोष्ट संपते. तिच्या लेखी ती तिथे सुरू होते.

अमेरिकेतला २०१४चा मनुष्यबळविषयक कायदा इथे आठवतो. प्रौढ शिक्षणाचे पैसे तिथे ज्या निकषांवर जोखले जातात, त्यात कार्यक्रम सोडल्यानंतरच्या दुसऱ्या आणि चौथ्या तिमाहीत माणूस नोकरीत आहे का, हेही मोजलं जातं. नोकरी हाच निकष आपल्याला लावावा असं मी म्हणत नाही. आमच्या काकींना नोकरी नको आहे, बस हवी आहे. पण ‘गेल्यानंतरही विचारायचं’ ही गोष्ट कायद्यात लिहिता येते, एवढं तरी त्यावरून शिकावं. सहा महिन्यांनी आणि वर्षाने प्रत्येक नवसाक्षराला दोनच प्रश्न: गेल्या आठवड्यात काय वाचलंत? काय लिहिलंत? ही दोन उत्तरं तारखेसकट नोंदली तर पुढच्या वर्षीचा अहवाल ‘किती शिकले’ बरोबर ‘किती टिकले’ हेही सांगेल.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही रास्त आहेत.

पहिला, माहिती भरण्याचं ओझं. २०२३ मध्ये महाराष्ट्रात शिक्षक संघटनांनी असाक्षरांच्या सर्वेक्षणावर बहिष्कार टाकला होता, कारण शिकवायचं सोडून याद्या करण्यात दिवस जातो. त्यांचं म्हणणं मला पटतं. म्हणून मी आणखी रकाने वाढवा असं म्हणत नाही. उलट कुठल्याही अहवालात कधीच न वापरले जाणारे रकाने आधी काढून टाका. ज्या माहितीचा प्रश्न नाही, ती गोळा करायची नाही. तारीख, वाडा, लिपी, हजेरी, तीन भागांचे गुण, थांबण्याचं कारण: माझ्या मते एवढ्यावर वर म्हटलेले बहुतेक प्रश्न सुटतात. आणि जो माहिती भरतो त्याला त्यातून काहीतरी परत मिळू लागलं की भरणं ओझं वाटत नाही. आज स्वयंसेवक देतो, मिळत काहीच नाही.

दुसरा आक्षेप अब्रूचा. गाव लहान असतं. ‘अमक्याची सून असाक्षर’ ही यादी पंचायतीच्या भिंतीवर लागली तर ती बाई वर्गात पाऊल ठेवणार नाही. माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये देशात झाला. पण कायदा नसता तरी एवढी माणुसकी आपल्याकडे असायला हवी. नावासकट यादी फक्त शिकवणाऱ्याकडे. वर जाताना नावं नकोत, संख्या पुरे. आणि एखाद्या वाड्यावर दोनच जणी असतील तर संख्यासुद्धा नको, कारण दोन म्हणजे कोण हे सगळ्या गावाला कळतं. हवा तो अहवाल काढता येणं म्हणजे हवं ते कुणालाही दाखवणं नव्हे.

मग करायचं काय? माझ्या मते चार गोष्टी.

एक, नोंद पुसायची नाही, पुढे नवी ओळ लिहायची. ‘चालू’ खोडून ‘बंद’ करायचं नाही; ‘अमुक तारखेला बंद, कारण काजू’ अशी दुसरी ओळ. बाप्तिस्म्याच्या वहीत नंतर लग्न झालं तर बाजूच्या समासात टिपतात, मूळ नोंद कुणी फाडत नाही. तसंच.

दोन, सॉफ्टवेअर घेताना किंवा बनवून घेताना एकच अट कागदावर लिहायची: केंद्राला स्वतःची माहिती साध्या तक्त्यात उतरवून घेता आली पाहिजे. तेवढं जमलं की एक्सेल किंवा लिब्रे ऑफिसमधल्या पिव्होट टेबलाने महिना एका बाजूला आणि वाडा दुसऱ्या बाजूला लावून बाईंचा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो. त्यासाठी कंपनीला पत्र लिहून महिनाभर वाट बघायला नको. आपल्यातल्या ज्यांना इंटर्नलचे मार्क एक्सेलमध्ये मांडता येतात, त्यांना हेही येईल.

तीन, अहवाल ठरवताना शिकवणारे आणि शिकणारे दोघेही खोलीत हवेत. निदान एकदा. “तुम्हांला काय कळलं तर उपयोग होईल?” हा प्रश्न काकींनाही विचारावा. त्यांच्याकडून जे येईल ते आपल्याला सुचणार नाही.

चार, आणि हे आपलं काम. नवसाक्षर काय वाचतात, कुठल्या लिपीत, किती मोठ्या अक्षरांत, याचा अहवाल मिळाला तर आपलं मंडळ त्यांच्यासाठी लिहू शकतं. बशीच्या वेळा, काजूचे भाव, फेस्ताचा कार्यक्रम, एखादी लहानशी गोष्ट. मोठ्या टाईपात, सोप्या मराठीत आणि कोंकणीत, हवं तर दोन्ही लिप्यांत. दर वर्षी ८ सप्टेंबरला साक्षरता दिन येतो आणि आपण घोषवाक्यांची स्पर्धा घेतो. त्या स्पर्धेतली घोषवाक्यं ज्यांच्यासाठी असतात, त्यांनी ती कधी वाचली आहेत का? या वर्षी स्पर्धेऐवजी चार पानांचं एक पत्रक काढूया आणि जवळच्या वर्गात नेऊन देऊया. महिन्याने जाऊन विचारूया की कुणी काय वाचलं, आणि ते उत्तर तारखेसकट टिपूया.

पूर्ण साक्षर राज्याला यापुढे शंभर टक्क्यांचा अहवाल पुन्हा पुन्हा छापायची गरज नाही. त्याला गरज आहे ती गळालेल्यांच्या, विसरलेल्यांच्या आणि ‘सही येते पण बोर्ड वाचता येत नाही’ अशांच्या अहवालाची. ती माहिती कुठेतरी भरली जात आहे, कुणीतरी स्वयंसेवक रात्री मोबाईलवर बोट दुखेपर्यंत ती भरतो आहे. तिला प्रश्न विचारण्याचा हक्क आधी त्याचा आहे.